गिरजाआत्या गायची तेव्हा

माझ्या लहानपणाची कुठलीही आठवण आधी पोटातून निघते आणि मग डोक्यात शिरते. भोकरदनात आमचं घर देवाधर्माचं म्हणून नावाजलेलं होतं, आणि त्या घरातलं एकुलतं एक नास्तिक म्हणजे माझं पोट. पुढच्या अंगाला अप्पांचं दुकान होतं. गूळ, मीठ, घासलेट, सुतळी, नांगराचे दोर असला सगळा माल तिथे असायचा. मागे राहतं घर, आणि त्याहून मागे एक पडवी. सकाळी उठून पडवीत यावं तर चुलीवर येसराची आमटी रटरटत असायची, तव्यावर ज्वारीची भाकरी फुगलेली असायची, आणि तिला हात लावायची सोय नसायची. लिंगपूजा झाल्याशिवाय आमच्याकडे पाण्याचा घोटसुद्धा कुणी घेत नसे. माझी पूजा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आटपायची. आई म्हणायची, "उमे, देवानं तुला पाह्यलं तरी का?" मी म्हणायची, "पाह्यलं की. जेव म्हणाला." यावर अप्पा हसायचे आणि आई उलथनं उगारायची. आता नातवंडांना मी हे रंगवून सांगते, तेव्हा ती माझ्या आकाराकडे बघतात आणि त्यांना पुरावा मागावा लागत नाही.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्यात, लिंगायतांत, मूल जन्मलं की जंगमस्वामी येऊन त्याला इष्टलिंग देतात. बोराएवढा तो देव. आत दगड आणि वरून काळाभोर गुळगुळीत लेप. तो चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचा आणि मरेपर्यंत अंगावेगळा करायचा नाही. रोज सकाळी डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहायचं. डोळे मिटून ध्यान करायची पद्धत दुसऱ्यांची. आमच्यात डोळे उघडे ठेवायचे असतात. माणूस गेलं की त्याला बसवून मातीत ठेवतात, तेही तळहातावर तेच लिंग देऊन. नवरा, लेकरं, घरदार सगळं वर राहतं. तेवढं एक बरोबर जातं. आणि जिवंतपणी कधी ते हरवलंच, तर सापडेपर्यंत किंवा स्वामींनी नवीन देईपर्यंत अन्नपाणी बंद. आमच्या घरात हा नियम कुणी मुद्दाम शिकवत नसे. विस्तवाला हात लावू नये हे जसं आपोआप कळतं, तसंच हेही कळायचं.

पडवीत पूजेला दोघी समोरासमोर बसायच्या. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला गिरजाआत्या, अप्पांची धाकटी बहीण. रोज एकमेकींच्या तळहाताकडे बघून दोघींना एकमेकींचा देव तोंडपाठ झाला होता. आईच्या लिंगाच्या कडेला तीळभर टवका उडालेला होता. लहानपणी माहेरी पाट्याच्या कडेवर पडून तो गेला होता म्हणे. आत्याचं लिंग जांभळासारखं नितळ. "वैनी, तुमच्या देवाला कानच न्हाई," आत्या म्हणायची. "तुमच्या देवाला हाय ना, मंग ऐकू द्या त्याला. आम्हाला कशापायी ऐकवून राह्यल्या?" असं आई टोला परत करायची. कारण आत्या पूजेला बसली की गायची.

आत्याचं लग्न बिदरच्या बाजूला, कानडी मुलखात झालं होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. सासरच्यांनी समजूत घातली, की ती तुला बहिणीसारखीच हाय, मिळून राहा. आत्या थोडे दिवस मिळून राहिली, आणि एका सकाळी पूजा करून, उंबऱ्याला नमस्कार करून, निजामाचं राज्य जाऊन नवी गडबड चालली होती त्या दिवसांत एकटी भोकरदनला आली. तिनं तिकडून ना दागिना आणला, ना भांडं. आणली ती सासूकडून शिकलेली अक्काची गाणी. ती सासू म्हणे चांगली होती. आत्या निघाली तेव्हा सगळ्या घरात एकटी तीच रडली.

अक्का म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची कानडी देशातली शिवभक्त बाई, जिची वचनं अजून तिकडे घरोघरी म्हणतात. घरच्यासारखं आम्ही तिला नुसतं अक्का म्हणायचो, जणू ती मागच्या गल्लीत राहत होती. दुपारी सुपात ज्वारी पाखडता पाखडता आत्या तिची गोष्ट सांगायची. एका राजानं अक्काला बघितलं आणि लग्नाचा हट्ट धरला. अक्का म्हणाली, माझं लग्न झालेलं आहे, मोगऱ्यासारख्या शुभ्र देवाशी. राजानं ऐकलं नाही. मग तिनं राजवाडा सोडला, लुगडंसुद्धा तिथंच टाकलं, नुसते केस पांघरून रानावनातून निघाली आणि आपल्या देवाला शोधत थेट श्रीशैलापर्यंत गेली. मी विचारायची, "मंग वाटेत ती जेवली काय?" आत्या सूप थांबवायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "उमे, तू अक्का झाली असतीस तर राजाच्या मुदपाकखान्याच्या पुढं गेली नसतीस." पण नंतर तिनं नीट सांगितलं, की भूक लागली तर गावात भीक मागायची आणि तहान लागली तर विहीर असते, असा अक्काचा हिशेब होता. मला तो फारसा भरवशाचा वाटला नव्हता.

गाण्यांतलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. खरं तर आत्यालाही पुरतं कानडी येत नव्हतं. पण ती गायला लागली की अर्थाची आठवण होत नसे. खालच्या पट्टीत, कुणाशी तरी हळू बोलल्यासारखी सुरुवात व्हायची आणि मध्येच आवाज असा वर जायचा, की चुलीजवळची मांजर उठून बसायची. परवा कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्याकडे आले होते. मराठवाड्यातल्या घरांतून अक्काची कुठली वचनं टिकली आहेत ते त्यांना टिपून घ्यायचं होतं. मी चहा केला, चिवडा दिला आणि गायला बसले. शब्द एकही आठवेना. नुसती हूं हूं करत अर्ध्यावर गेले आणि खोकला आला. बिचाऱ्यांनी दुसरा चहा घेतला आणि गेले. ते का आठवत नाही, आणि आमच्या घरात ती गाणी का थांबली, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. ते इथं सांगते.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक भिंत होती आणि आत्याचा आवाज तिला जुमानत नव्हता. गिऱ्हाईक मीठ मागता मागता थांबायचं आणि विचारायचं, "शेठ, आत कोण आजारी हाय का?" कुणी कुजबुजायचं, नवरा सोडून आलेली हाय ना, डोक्यावर परिणाम झाला असंल. अप्पा वजनं आपटून दुसरं काही बोलायला लागायचे. ते बहिणीला काही म्हणत नसत, आणि बायकोही काही म्हणणार नाही असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आई वाईट नव्हती. ती दमलेली होती. आम्ही चार पोरं, दुकानातल्या गड्यांचं जेवण, आल्यागेल्याचा स्वयंपाक, आणि वरून गल्लीतल्या बायकांचे प्रश्न. एके दिवशी माझ्या थोरल्या बहिणीला बघायला जाफराबादहून पाहुणे आले होते. ऐन बोलणं चाललेलं असताना आतून आत्याचा आवाज वर गेला. पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "ही कोण? सोडलेली का?" पोहे खाऊन पाहुणे जे गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

आई पडवीत आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"गिरजाबाई, ह्या घरात लेकी उजवायच्या हायेत."

"मी काय केलं, वैनी?"

"एवढं गायचंय तर मळ्यात जाऊन गा. तिथं तुमचा देव हाय, विहीर हाय, बैलं हायेत. बैलांना पाहुणे येत न्हाईत."

 आत्यानं हातातलं भस्म नीट कपाळाला लावलं, डबी मिटली आणि ताट वाढून घेतलं. मी तिच्या शेजारी बसले होते. ती नेहमीपेक्षा जास्त जेवली असं मला वाटलं, पण ती नुसतीच भाकरी कुस्करत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती मळ्यात गेली. केळणा नदीच्या काठाला आमचा छोटा मळा होता आणि त्यात दगडी बांधलेली खोल विहीर. चैत लागलेला, पाणी तळाला गेलेलं. मोट हाकायला बाबूचाचा होते. त्यांचे वडीलही आमच्याच विहिरीवर होते; चाचा घरात उर्दू, बैलांशी मराठी आणि आमच्याशी दोन्हींची खिचडी बोलायचे. मळ्यात काय झालं ते नंतर त्यांनीच सांगितलं. आत्या मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ, विहिरीच्या अगदी कडेच्या दगडावर बसली, डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि गायला लागली. बाबूचाचांनी मोट थांबवली. "बैलां बी कान देके खडे रहे," असं ते म्हणायचे. इथं तिला अडवणारं कुणी नव्हतं. घरात ती दबून गायची, आवाज आवरत, दाराकडे बघत. मळ्यात तिनं आवाज सोडला, आणि आवाजाबरोबर तिचे डोळे मिटले. कितीतरी वेळ मिटलेले राहिले. तळहात कलला असावा. गाणं संपलं, डोळे उघडले, तेव्हा हातावर नुसतं बेलाचं पान होतं.

ती घरी आली नाही. बाबूचाचाच धावत आले. आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा ती त्याच दगडावर बसली होती, डाव्या हाताचा तळवा तसाच पुढे धरून. आईला बघून ती म्हणाली, "वैनी, माझे डोळे मिटले." 

पुढचं सगळं मला उन्हाच्या आणि चिखलाच्या वासासकट आठवतं. मोटेनं पाणी उपसलं. बाबूचाचा आणि त्यांचे दोन भाऊ कंबरेला दोर बांधून खाली उतरले. टोपल्याच्या टोपल्या गाळ वर येऊ लागला. तो आम्ही बायका-पोरी पाटाच्या पाण्यात धुवायचो आणि पिठाच्या चाळणीतून गाळायचो. शेजारच्या मारवाडीणकाकूंनी आपल्या घरातल्या सगळ्या चाळण्या पाठवल्या आणि मागून स्वतः आल्या. गाळात काय नाही निघालं! कुणाची तरी घागर, बैलाची घुंगरं, माझ्या भावाची हरवलेली गोटी, पुष्कळ बेडूक. बोराएवढा काळा दगड दिसला की सगळे ओरडायचे, आत्या मान वर करायची, हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. "मिलता बाई, जाता किधर? पत्थर हय, पानी में घुलता नहीं," असं बाबूचाचा विहिरीतून ओरडून सांगायचे. पण तळाच्या दगडांत कपारी होत्या, त्यांतून झरे होते, आणि उपसलेलं पाणी पुन्हा भरत होतं.

आत्या विहिरीवरून हलायला तयार नव्हती. अप्पांनी तिला झाडाखाली बाजेवर आणून बसवलं. तिनं अन्न तर नाहीच, पाणीही घेतलं नाही. चैतातलं ऊन, आणि समोर पाटाचं पाणी वाहतंय. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले. मी तेव्हा चोरून गूळ खात होते, कारण घरात कुणाला चूल पेटवायचं सुचत नव्हतं. पण आत्याच्या ओठांकडे बघितल्यावर तोही घशाखाली उतरेना. माझ्या पोटानं आयुष्यात एवढ्या एकाच प्रसंगी सभ्यपणा दाखवला.

अप्पांनी जाफराबादहून स्वामींना आणलं. स्वामी म्हातारे, बोलायला गोड. ते आत्याच्या बाजेशी बसले. म्हणाले, "बाई, ह्याला शास्त्रात वाट हाय. मी नवीन देतो. देव दगडात असतो का? तो भावात असतो."

आत्याची जीभ सुकलेली होती, शब्द एकेक सुटा येत होता. "स्वामी, माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली. तिलाच घेऊन मिळून राहा म्हणले मला. बदलायचं त्यांना जमतं. मला न्हाई जमत."

"अगं, पण जीव जाईल."

"अक्काला कुणी दुसरा घे म्हणलं तर तिनं घेतला असता का?"

 स्वामींनी तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, की गळ्यात जबरदस्तीनं बांधता येतं, घशाखाली पाणी उतरवता येत नाही. काही कमी-जास्त झालं तर मला निरोप धाडा, म्हणाले, आणि परत गेले. अप्पा जांभळीच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, दुकानात कुणाला मापात फसवू द्यायचा नाही, तो तिथं हात हलवत उभा होता, जणू हाताला कुठलंतरी वजन शोधत होता.

आई सगळा वेळ चिखलात बसून होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं, नखं फुटली होती. ती आत्याशी एक शब्दही बोलली नव्हती. "मळ्यात जाऊन गा" हे वाक्य तिथं आम्हा दोघी-तिघींना ठाऊक होतं आणि आई ते चाळणीत घोळवत बसली होती. तिसऱ्या प्रहरी बाकीच्या बायका सावलीला गेल्या. पाटाशी आई आणि मी, दोघीच. तिनं माझ्याकडे पाठ केली, तरी मला दिसत होतं. तिनं पदराखाली हात घातला, आपली डबी उघडली, आपलं लिंग काढलं, कपाळाला लावलं. मग ते चाळणीतल्या गाळात ठेवलं आणि अंगठ्यानं आत दाबलं. डबी मिटली, पदर सारखा केला. मागं वळली तेव्हा आमची नजरानजर झाली.

"उमे, पाणी घाल," ती म्हणाली.

मी तांब्यानं पाणी घातलं. गाळ वाहून गेला. चाळणीत ते काळं लिंग उरलं, कडेला तीळभर टवका असलेलं.

"सापडलं!" आई ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

सगळे धावले. बाबूचाचा दोर धरून वर आले आणि "या अल्ला" म्हणत बांधावर बसले. मारवाडीणकाकू रडायला लागल्या. आईनं दोन्ही हातांच्या ओंजळीत लिंग आत्यासमोर धरलं. आत्यानं ते उचललं, डाव्या तळहातावर घेतलं, आणि पापणी न हलवता बघत राहिली. अंगठा कडेवरून फिरला आणि एका जागी थांबला.

"टवका पडलाय," आत्या म्हणाली.

"एवढ्या उंचावरून पडलं," आई म्हणाली, "टवका न्हाई पडणार?"

आत्यानं मान वर केली. आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या गळ्यातल्या डबीकडे. सगळे आनंदानं बोलत होते.

"वैनी," आत्या अगदी हळू म्हणाली, "आज तुम्ही जेवणार न्हाई का?"

"माझं पोट दुखून राह्यलंय. तुम्ही घ्या बरं आधी पाणी."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी सुकलेली बाई, ते कुठून आलं कोण जाणे. तिनं लिंगाला भस्म लावलं, पान वाहिलं, नमस्कार केला आणि तांब्या तोंडाला लावला. आईनं तिला आंबील पाजली, वाटी वाटी करून, लेकराला पाजावी तशी. स्वतःच्या ओठाला थेंब लावला नाही. आदल्या संध्याकाळी शेजारून आलेल्या भाकरीचे चार घास खाल्ले होते, तेवढ्यावर ती होती.

रात्री आईनं अप्पांना खरं ते सांगितलं असावं; दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी गाडी जुंपली आणि आईला जाफराबादला घेऊन गेले. मावशी आजारी आहे असं सांगितलं. मी हट्ट करून बरोबर गेले. स्वामींच्या ओट्यावर मला बसवून आई आत गेली. आत काय विचारलं गेलं आणि तिनं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि डबी भरलेली होती. स्वामींच्या घरच्या बाईंनी भाकरी आणि कढी वाढली. आई जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो तसाच तोंडात धरून राहिली. जन्मल्या दिवसापासूनचा सोबती देऊन आलेली बाई काय चावत होती, हे समजायचं माझं वय नव्हतं. मी तिच्या ताटातली चटणी संपवली.

आत्या वाचली. घर पुन्हा सुरू झालं. दोघी पूर्वीसारख्याच पडवीत समोरासमोर बसायला लागल्या. आत्या आता डोळे सताड उघडे ठेवून पूजा करायची आणि गात नव्हती. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी विचारलं, मांजरीनंही वाट बघितली असेल. एका सकाळी आईच म्हणाली, "गिरजाबाई, एखादं म्हणा की. कुणी पाहुणे येणार न्हाईत आज."

"आठवत न्हाई, वैनी."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

आई उठून चुलीपाशी गेली आणि उगीच फुंकणीनं जाळ करत बसली. त्या दोघींनी विहिरीबद्दल कधीच बोलणं काढलं नाही. भांडणंही थांबली, आणि मला खरं सांगायचं तर ते फार वाईट झालं. पूर्वी आमटीत मीठ जास्त झालं तर दोन घटका करमणूक व्हायची. आता दोघी एकमेकींना इतकं जपून बोलायच्या, की कुणाच्या तरी घरी पाहुण्या आल्यासारख्या वाटायच्या. अप्पा पुढं दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे. आत्याचं ते नितळ लिंग काही सापडलं नाही. आता ती विहीरही बुजली आहे.

बहिणीचं लग्न धावड्याला जमलं, झालं. त्यानंतरच्या पावसाळ्यात आईला ताप धरला. आधी साधा वाटला, मग उतरेनाच. आत्या तिच्या उशापायथ्याशी बसून होती. सकाळी आईला उठून बसवायची, तिच्या तळहाताखाली आपला हात धरून तिची पूजा करून घ्यायची, आणि मग स्वतःची करायची. गल्लीत बायका काही बोलत नव्हत्या, कारण चाळणीतली खरी गोष्ट गल्लीला माहीतच नव्हती. पण आत्या काय समजत होती ते तिच्या तोंडावर दिसायचं. आपला देव देऊन टाकला म्हणून हिचा जीव चालला, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. एकदा मी ऐकलं. ती आईला म्हणत होती, "वैनी, तुमचं तुम्ही परत घ्या." आई तापातच हसली. "कान नसलेला देव कशाला परत देऊन राह्यल्या?" ती म्हणाली. "राहू द्या तुमच्याकडं. तुमचं ऐकायची त्याला सवय झाली."

आई गेली त्या सकाळी पाऊस उघडला होता. आमच्या रीतीप्रमाणे तिला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर भस्म लावलं, हार घातला. ती दमून बसल्यासारखी दिसत होती. खूप कामानंतर पडवीत बसायची तशीच. स्वामी आले. त्यांनी आईची डबी उघडली, तिच्या तळहातावर लिंग ठेवायला. आत्या इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली.

"थांबा, स्वामी."

तिनं आपल्या गळ्यातली डबी उघडली. टवक्याचं लिंग काढलं, कपाळाला लावलं, आईच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि आईची बोटं एकेक करून मिटली. "हे त्यांचं हाय," ती म्हणाली. "माहेरचं." जमलेल्या बायकांना काही समजलं नाही. स्वामी समजले आणि त्यांनी मान खाली घातली. डबीतलं आईचं दुसरं लिंग, जाफराबादहून आणलेलं, त्यांनी अप्पांच्या हातात दिलं. त्याचं काय करावं ते अप्पांना कळेना.

"ते द्या इकडं, दादा."

"गिरजे," अप्पा रडत म्हणाले, "तुला नवीन चालत नव्हतं ना गं."

"हे नवीन कुठंय?" आत्या म्हणाली. "वैनीनं पुजलंय."

आईला मळ्याच्या कडेला मातीत ठेवून आम्ही परत आलो. मारवाडीणकाकूंनी भाकरी आणि पिठलं करून पाठवलं होतं. कुणी हात लावेना. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, भाऊ दारात बसला होता. आणि मी, जिच्या पोटाच्या गोष्टी साऱ्या गल्लीत सांगितल्या जात, तीही त्या टोपलीकडे नुसती बघत होते. आत्यानं अंघोळ केली, पडवीत तिच्या नेहमीच्या जागी बसली, समोर आईची जागा रिकामी. तळहातावर लिंग घेतलं, पूजा केली, डबी मिटली. मग ती आत आली, टोपली पुढं ओढली, भाकरी घेतली आणि जेवायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हनुवटीवरून ताटात पडत होतं, आणि ती पुसत नव्हती. घास घेत होती, चावत होती, गिळत होती. कुठलं तरी अवघड काम अंगावर घेतलेल्या माणसासारखी, न थांबता. अप्पा उठून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. भाकरी संपली.

"उमे," ती मला म्हणाली, "अजून अर्धी वाढ."

मी वाढली.